क्रॉसओव्हरची पारख

प्रस्तावना

विजेचा दिवा गेला की अंधार होतो आणि पंखा बिघडला की वारा थांबतो. बिघाड झाला आहे हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. सर्वच वस्तूंचे मात्र असे नसते. काही वस्तू चुकीच्या जोडल्या गेल्या तरी चालल्यासारख्या दिसतात आणि नुकसान आतल्या आत होत राहते. घरी तयार केलेला ध्वनिक्षेपकाचा क्रॉसओव्हर ही अशीच एक वस्तू आहे. त्याच्या तारा उलटसुलट लागल्या तरी गाणे ऐकू येतेच. जोडणारा समाधानाने पेटीला शेवटचा स्क्रू लावतो आणि पुढे केव्हातरी, आवाज थोडा वाढवताच, ट्वीटर जळून जातो.

ध्वनिक्षेपक स्वतः जोडण्याची हौस असणारी माणसे देशात सर्वत्र आढळतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे त्यासाठी लागणारे सुटे भाग विकत मिळतात. तुमच्यापैकी काही जण दुरुस्तीच्या दुकानात किंवा मंडपाच्या कामावर जात असतील. त्यांना हा विषय नवा नाही. सुटे भाग जोडणे हे एक काम आणि जोडलेले बरोबर आहे याची खात्री करून घेणे हे दुसरे काम. या पाठात आपण दुसऱ्या कामाचा अभ्यास करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर क्रॉसओव्हरचे कार्य तुम्हांला सोप्या शब्दांत सांगता येईल, मल्टिमीटरवर दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ लावता येईल, आणि दोष कोठे आहे हे क्रमाक्रमाने शोधता येईल. त्याचबरोबर एखाद्या तांत्रिक कृतीचे वर्णन नेमक्या मराठीत कसे करावे, याचाही परिचय होईल.

मूळ पाठ

स्वरांची वाटणी

माणसाच्या कानाला साधारणपणे २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने. एवढा मोठा पल्ला एकाच पडद्याने गाठणे कठीण असते. ढोलाचा घुमारा निर्माण करण्यासाठी मोठा व जड पडदा पुष्कळ हवा हलवतो. झांजेची किणकिण उमटवायची तर पडदा लहान व हलका असावा लागतो. म्हणून पेटीत दोन ध्वनिक्षेपक बसवतात. खालच्या स्वरांसाठी वूफर आणि वरच्या स्वरांसाठी ट्वीटर.

आजही वापरात असलेला फिरत्या कॉइलचा ध्वनिक्षेपक चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये आपल्या शोधनिबंधात मांडला. पुढे १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तारेने वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले, तेव्हा खालच्या आणि वरच्या स्वरांसाठी वेगवेगळे ध्वनिक्षेपक वापरले होते. दोन ध्वनिक्षेपक आले की त्यांच्यात स्वरांची वाटणी करणारा कोणीतरी लागतो. हे वाटणीचे काम करणारे मंडल म्हणजे क्रॉसओव्हर.

त्याचे मुख्य घटक दोनच आहेत. कपॅसिटर, म्हणजेच धारित्र, वरच्या स्वरांना सहज वाट देतो आणि खालच्यांना अडवतो. तांब्याच्या तारेची कॉइल नेमके याच्या उलट वागते. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर आणि वूफरच्या वाटेत कॉइल ठेवली की वाटणी झाली. ही वाटणी अधिक ठळक व्हावी म्हणून प्रत्येक शाखेत आणखी एक घटक घालतात : ट्वीटरच्या दोन टोकांना समांतर एक कॉइल आणि वूफरच्या दोन टोकांना समांतर एक कपॅसिटर. अशा मंडलाला दुसऱ्या श्रेणीचा क्रॉसओव्हर म्हणतात. आपण याच प्रकाराचे उदाहरण घेऊ, कारण घरगुती पेट्यांत तोच बहुधा आढळतो आणि त्यात चुकायला जागाही भरपूर असते.

समजा, वूफर व ट्वीटर दोन्ही ८ ओहमचे आहेत आणि वाटणी ३००० हर्ट्झवर करायची आहे. ब्रिटिश अभियंता स्टीफन बटरवर्थ याने १९३० मध्ये मांडलेल्या रीतीप्रमाणे कपॅसिटरचे मूल्य काढण्यासाठी ०.११२५ या संख्येला वारंवारता व ओहम यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर सुमारे ४.७ मायक्रोफॅरड येते. कॉइलसाठी ०.२२५ ला ओहमने गुणून वारंवारतेने भागावे, उत्तर ०.६ मिलिहेन्री येते. म्हणजे ४.७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि ०.६ मिलिहेन्रीच्या दोन कॉइली. चार घटक आणि दहाबारा जोड, इतकाच हा संसार.

अ‍ॅम्प्लिफायर दूर ठेवून

पहिली तपासणी अ‍ॅम्प्लिफायर न जोडता करावयाची असते. हातात साधा मल्टिमीटर असला तरी पुरे. प्रथम त्याच्या दोन तारांची टोके एकमेकांना टेकवावीत. मीटर ०.२ किंवा ०.३ ओहम दाखवील. तो मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध आहे. पुढच्या प्रत्येक आकड्यातून तो वजा करावयाचा.

आता वूफर सुटा असताना मोजावा. त्यावर ८ ओहम छापलेले असले तरी मीटर ६ ते ६.५ ओहमच्या आसपास थांबतो. यात दोष काहीही नाही. मीटर दिष्ट प्रवाहाने मोजतो आणि छापलेला आकडा हा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा, म्हणजे इम्पीडन्सचा, असतो. ०.६ मिलिहेन्रीची कॉइल जर १ मिलिमीटर जाडीच्या तारेची, म्हणजे १९ गेजची, असेल तर तिचा रोध अर्ध्या ओहमहून थोडा कमी भरतो.

सर्व जोडणी पूर्ण झाल्यावर क्रॉसओव्हरच्या प्रवेशाच्या दोन टोकांवर मीटर लावावा. कपॅसिटर दिष्ट प्रवाह जाऊ देत नाही. त्यामुळे ट्वीटरची शाखा मीटरला दिसतच नाही. दिसतो तो फक्त कॉइलमागचा वूफर. ६.२ ओहमच्या वूफरला कॉइलचे ०.४ मिळवून ६.६ ओहमच्या जवळपास आकडा आला पाहिजे.

येथे पुष्कळ जण थांबतात आणि फसतात. कारण वूफरची व ट्वीटरची बाहेर जाणारी टोके जर आपापसांत बदलली गेली असतील, तरीही साधारण तेवढाच आकडा येतो. त्या स्थितीत मीटर कॉइलमागचा ट्वीटर मोजत असतो, आणि ८ ओहमच्या ट्वीटरचा दिष्ट रोधही सहा ओहमच्या आगेमागेच असतो. म्हणून यापुढची पायरी कधीही गाळू नये. वूफरची एक तार सोडवावी. आकडा तत्काळ नाहीसा झाला पाहिजे आणि मीटरने खुले मंडल दाखवले पाहिजे. क्षणभर आकडे पळताना दिसतील. तेवढ्या वेळात कपॅसिटर भरले जात असतात. परंतु वूफर सुटा करूनही सहा ओहम तसेच राहिले, तर ढोलाचा सारा भार ट्वीटरवर जाणार आहे असे समजावे. ट्वीटरची व्हॉइस कॉइल अतिशय बारीक तारेची असते. ती अशा भारापुढे फार काळ टिकत नाही आणि एकदा जळाली की ती पूर्ववत करणे बहुधा शक्य नसते. ही एक तार सोडवून पाहायला मिनिटही लागत नाही. संपूर्ण पाठातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवावी.

वूफर सोडवल्यावर खुल्या मंडलाऐवजी अर्ध्या ओहमसारखा लहान आकडा दिसला, तर दोन शक्यता संभवतात. एक तर वूफरला समांतर असलेला कपॅसिटर आतून जुळला असेल, किंवा ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर शॉर्ट होऊन त्याच्या पलीकडची कॉइल थेट प्रवेशावर आली असेल. यांपैकी एका कपॅसिटरचे एक टोक सुटे करून पुन्हा मोजावे. आकडा गेला तर दोषी तोच. राहिला तर दुसरा.

याउलट वूफर जोडलेला असताना आकडाच आला नाही, तर बहुतेक वेळा दोष कॉइलच्या टोकाशी असतो. कॉइलच्या तारेवर इनॅमलचा पातळ, पारदर्शक लेप असतो. तो चाकूने किंवा पॉलिश पेपरने खरवडून काढला नाही, तर सोल्डर वरवर चमकते. आत वीज मात्र पोहोचत नाही. सोनार व तांबट ज्याला डाक देणे म्हणतात, त्या कलेतला पहिला नियम येथेही लागू पडतो : धातू उघडा व स्वच्छ झाल्याखेरीज डाक धरत नाही.

आणखी एक भ्रम दूर करावयास हवा. ट्वीटर मंडलात जोडलेला असताना त्याच्या टोकांवर मीटर लावला तर आकडा अर्ध्या ओहमच्याही खाली येतो, आणि नवखा माणूस ट्वीटर शॉर्ट झाला म्हणून तो काढून टाकतो. वस्तुतः मीटर त्या ठिकाणी समांतर कॉइलचा रोध दाखवत असतो. ट्वीटर मोजायचा तर त्याची एक तार सोडवूनच मोजला पाहिजे.

पाठगत प्रश्न १

(अ) ८ ओहमचा वूफर मल्टिमीटरवर ६.२ ओहम का दाखवतो?
(आ) वूफरची तार सोडवल्यानंतरही मीटरवरचा आकडा बदलला नाही, तर त्यावरून काय अनुमान काढाल?
(इ) इनॅमलचा लेप न काढता सोल्डर केल्यास काय होते?

खोटा भार

मीटरची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून लगेच ट्वीटर जोडण्याची घाई करू नये. आता अ‍ॅम्प्लिफायर लावावयाचा आहे. मात्र ध्वनिक्षेपकांच्या जागी ८.२ ओहम, १० वॉटचे दोन रोधक बसवावेत. यांना खोटा भार म्हणता येईल. रोधक स्वस्त असतात आणि जळाले तरी जीव हळहळत नाही.

याबाबतीत एक धोका विशेष सांगितला पाहिजे. दुसऱ्या श्रेणीच्या क्रॉसओव्हरची एखादी शाखा रिकामी ठेवून अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालू करू नये. ट्वीटर नसेल तर त्या शाखेत कपॅसिटर व कॉइल एकापुढे एक उरतात. ३००० हर्ट्झच्या आसपास प्रत्येकाचा अडथळा सुमारे ११.३ ओहम असतो. परंतु दोघांचे परिणाम परस्परविरोधी असल्यामुळे ते एकमेकांना नाहीसे करतात. शिल्लक राहतो तो तारेचा अर्धा ओहम. अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने हे जवळजवळ शॉर्ट सर्किटच झाले. ट्वीटर जळाल्यानंतर मागोमाग अ‍ॅम्प्लिफायरही का गेला, याचे कोडे अनेकांना पडते. जळालेला ट्वीटर म्हणजे रिकामी शाखा, हे ध्यानात घेतले की ते कोडे सुटते. एका चुकीच्या जोडाने सुरू झालेले नुकसान असे सर्वांत महागड्या वस्तूपर्यंत जाऊन पोहोचते.

खोटा भार लावून झाल्यावर मोबाइलवरील एखाद्या स्वरनिर्मितीच्या अ‍ॅपमधून शुद्ध स्वर अ‍ॅम्प्लिफायरला द्यावा. क्रॉसओव्हरच्या प्रवेशावर सुमारे २ व्होल्ट येतील इतकाच आवाज ठेवावा. मीटर प्रत्यावर्ती व्होल्टवर लावून प्रथम प्रवेश, मग वूफरची जागा आणि नंतर ट्वीटरची जागा मोजावी. १५०० हर्ट्झवर वूफरच्या जागी सुमारे १.९ व्होल्ट आणि ट्वीटरच्या जागी ०.५ व्होल्ट मिळावेत. ६००० हर्ट्झवर हेच आकडे आपापसांत जागा बदलतील. ३००० हर्ट्झवर दोन्ही ठिकाणी समान, सुमारे १.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. ३०० हर्ट्झवर ट्वीटरच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही.

साधे मल्टिमीटर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात; काही हजार हर्ट्झवर ते कमी आकडा दाखवण्याची शक्यता असते. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक वारंवारतेवर प्रवेशाचा आकडाही नव्याने मोजावा आणि बाहेरच्या आकड्याला त्याने भागावे. मीटर दोन्ही ठिकाणी सारखाच चुकत असल्यामुळे भागाकार बरोबर येतो. आपल्याला हवा आहे तो भागाकारच. व्होल्टची बिनचूक संख्या नको आहे.

समान व्होल्ट ३००० ऐवजी २७०० हर्ट्झवर मिळाले, असे धरू. त्याचा अर्थ कपॅसिटर किंवा कॉइल यांचे मूल्य ठरल्यापेक्षा मोठे आहे. किती मोठे? २७०० ला ३००० ने भागून येणाऱ्या ०.९ चा वर्ग ०.८१ होतो. म्हणजे कपॅसिटर व कॉइल यांच्या मूल्यांचा गुणाकार १.२३ पट झाला आहे. कपॅसिटर चांगल्या प्रतीचे व तपासलेले असतील, तर हा दोष हाताने गुंडाळलेल्या कॉइलींकडे जातो. त्या ०.६ ऐवजी ०.७४ मिलिहेन्रीच्या झाल्या आहेत. कॉइलचे मूल्य ढोबळ मानाने वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून मूल्य एकोणीस टक्क्यांनी उतरवण्यासाठी वेढे दहाच टक्के कमी करावे लागतात. २०० वेढे असतील तर २० काढावेत. प्रत्यक्षात आधी १५ काढावेत, पुन्हा मोजावे आणि मग उरलेले काढावेत. कापलेली तार पुन्हा जोडणे हे कोणालाच आवडणारे काम नाही.

कधी कधी वेढे बरोबर मोजलेले असूनही मूल्य जास्त भरते. अशा वेळी कॉइल फळीवर कशाने बसवली आहे ते पाहावे. तिच्या मधल्या पोकळीतून लोखंडी बोल्ट घातला असेल, तर लोखंडामुळे तिचे मूल्य वाढते आणि मोठ्या आवाजाच्या वेळी स्वर विकृत होण्याचा संभव असतो. पितळी स्क्रू किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. दोन कॉइली शेजारी शेजारी, एकाच दिशेने तोंड करून बसवल्या असतील तर एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरते आणि वूफरसाठीचा स्वर ट्वीटरच्या शाखेत पाझरतो. त्यांच्यात अंतर ठेवून एक आडवी व एक उभी बसवली की हा उपद्रव पुष्कळच कमी होतो.

कपॅसिटरच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे घरात पडलेला साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरणे. त्याला धन व ऋण अशा ठरावीक बाजू असतात, आणि गाण्याचा प्रवाह तर क्षणोक्षणी दिशा बदलत असतो. येथे नॉन-पोलर किंवा फिल्म प्रकारचाच कपॅसिटर हवा. तो मिळत नसल्यास १० मायक्रोफॅरडचे दोन साधे कपॅसिटर ऋण बाजूने एकमेकांना जोडून सुमारे ५ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर तयार करता येतो. ही तात्पुरती सोय समजावी.

पाठगत प्रश्न २

(अ) ट्वीटरची शाखा रिकामी ठेवून अ‍ॅम्प्लिफायर चालू करणे धोक्याचे का आहे?
(आ) मीटर जास्त वारंवारतेवर चुकत असला तरी भागाकार बरोबर का येतो?
(इ) कॉइल बसवण्यासाठी लोखंडी बोल्ट का वापरू नये?

ट्वीटरचा गृहप्रवेश

आता खरे ध्वनिक्षेपक जोडावयास हरकत नाही. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, आवाजाचे बटण शून्यावर आणून, मगच तारांना हात लावावा. पहिल्या जोडणीत ट्वीटरच्या वाटेत २२ मायक्रोफॅरडचा एक जादा नॉन-पोलर कपॅसिटर घालणे शहाणपणाचे असते. १०० हर्ट्झच्या स्वराला तो ७२ ओहमचा अडथळा करतो. त्यामुळे मागे काही चूक राहून गेली असली तरी अशा स्वराचा नववा हिस्सा व्होल्टच ट्वीटरपर्यंत पोहोचतो. सर्व ठीक आहे असे दिसल्यावर तो काढून घ्यावा.

यानंतर प्रश्न येतो दिशेचा, म्हणजेच ध्रुवतेचा. वूफरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. धन टोकाला धन बाजू लागल्यास पडदा बाहेर येतो. टोकांवरची खूण पुसली गेली असेल, तर या युक्तीने ती पुन्हा ओळखता येते. ट्वीटरवर हा प्रयोग करू नये; त्याचा पडदा इतका थोडा हलतो की डोळ्यांना काही दिसत नाही.

दुसऱ्या श्रेणीच्या बटरवर्थ क्रॉसओव्हरच्या आकृतीत ट्वीटरच्या तारा उलट दाखवलेल्या असतात. ती छपाईची चूक आहे असे समजून पुष्कळ जण त्या सरळ करतात आणि पेटी बिघडवतात. कारण असे की वाटणीच्या वारंवारतेवर एका शाखेतील स्वर पाव आवर्तन पुढे जातो आणि दुसऱ्या शाखेतील पाव आवर्तन मागे पडतो. दोहोंमध्ये अर्ध्या आवर्तनाचे अंतर पडते. वूफरचा पडदा बाहेर येत असताना ट्वीटरचा आत जातो; एकाने दाबलेली हवा दुसरा ओढून घेतो आणि ३००० हर्ट्झच्या भोवतीचा आवाज हरवतो. ट्वीटरच्या तारा उलट केल्या की दोघे एकदिलाने काम करू लागतात.

याची परीक्षा अशी घ्यावी. एकच पेटी चालू ठेवून ३००० हर्ट्झचा स्वर मंद आवाजात लावावा आणि पेटीसमोर, ट्वीटरच्या उंचीवर कान ठेवून, दीडदोन मीटरवर बसावे. मग ट्वीटरच्या तारा उलट करून पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत आवाज भरीव येतो ती ठेवावी. दोन्ही पडदे पेटीत नेमके एका पातळीवर नसतात, त्यामुळे क्वचित आकृतीपेक्षा वेगळे उत्तर मिळते. अशा वेळी आकृतीपेक्षा प्रत्यक्ष तुलनेवर विश्वास ठेवावा.

कानाची साक्ष

शुद्ध स्वराने जे कळत नाही, ते बोलण्याने कळते. आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि आपल्या क्रॉसओव्हरची वाटणी नेमकी त्याच पट्ट्यात झालेली आहे. भाषेतील स्वरांचा, म्हणजे अ, आ, ओ यांचा जोर बराचसा खाली असतो. तर स, श, च यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्ट्यावर अवलंबून असते. त्यांतही श चा सीत्कार स च्या मानाने खाली असतो. म्हणून परीक्षेसाठी गाण्यापेक्षा ओळखीच्या माणसाचा आवाज अधिक उपयोगी पडतो. गाण्यात वाद्यांच्या गर्दीत दोष लपतो. घरच्या माणसाचा आवाज किंचित बदलला तरी आपल्याला कळतो.

‘सुट्टीच्या सकाळी शेजारच्या शाळेत शुकशुकाट असतो’ असे एखादे वाक्य कोणाकडून तरी वाचून घेऊन मुद्रित करावे आणि पेटीवर ऐकावे. ‘चाक’ आणि ‘चहा’ हे दोन शब्दही त्यात घालावेत. मराठी बोलणारा माणूस या दोन ‘च’चे उच्चार वेगळे करतो. ‘चाक’मधला दंत्य आणि ‘चहा’मधला तालव्य. हा फरक, तसाच स आणि श यांतील फरक, पेटीतून स्पष्ट येत नसेल तर ट्वीटरकडे संशयाने पाहावे. तो मुका असेल, किंवा त्याचा कपॅसिटर फार लहान मूल्याचा असेल. शब्द सारे कळतात पण बोलणारा शेजारच्या खोलीत असल्यासारखा वाटतो, तेव्हा ध्रुवता पुन्हा तपासावी. आणि प्रत्येक स कानाला टोचत असेल, तर ट्वीटर वूफरपेक्षा मोठ्याने वाजत आहे.

या शेवटच्या दोषात जोडणी चुकलेली नसते. तेवढीच वीज दिली असता बहुतेक ट्वीटर वूफरपेक्षा काही डेसिबल मोठे वाजतात. ट्वीटरच्या अगोदर, म्हणजे क्रॉसओव्हर आणि ट्वीटर यांच्या दरम्यान, २.७ ओहमचा रोधक वाटेत आणि १५ ओहमचा ट्वीटरला समांतर घातला की आवाज साधारण साडेतीन डेसिबलने उतरतो. क्रॉसओव्हरला मात्र पूर्वीप्रमाणे जवळजवळ ८ ओहमच दिसतात; त्यामुळे वाटणीची जागा हलत नाही. एकच रोधक वाटेत घालणे सोपे वाटते. पण मग एकूण ओहम वाढतात आणि केलेले गणित मोडते.

आठ ओहम हे अर्धसत्य

खोट्या भारावर सर्व आकडे जुळले, ध्रुवता योग्य आहे, ट्वीटरही शांत केला, तरीही मधल्या पट्ट्यात वूफर कर्कश वाटतो, असा अनुभव येऊ शकतो. येथे दोष क्रॉसओव्हरचा नसून आपल्या गृहीतकाचा असतो. रोधक ८.२ ओहमचा असला तर तो सर्व वारंवारतांना तेवढाच राहतो. वूफर तसा नसतो. त्याची व्हॉइस कॉइल हीदेखील एक कॉइलच आहे. तिचे मूल्य ०.६ मिलिहेन्री धरले, तर ३००० हर्ट्झवर वूफरचा एकूण अडथळा ढोबळ मानाने १३ ओहमपर्यंत चढतो. आठ ओहम गृहीत धरून बांधलेले मंडल तेरा ओहमवर अपेक्षेप्रमाणे कसे वागेल?

उपाय असा की वूफरच्या दोन टोकांना समांतर एक रोधक व एक कपॅसिटर एकापुढे एक जोडावेत. रोधक वूफरच्या दिष्ट रोधाच्या सव्वापट घ्यावा. आपल्या उदाहरणात तो पावणेआठ ओहम येतो, म्हणून बाजारात मिळणारा ८.२ चालतो. कपॅसिटर काढण्यासाठी व्हॉइस कॉइलच्या मूल्याला रोधकाच्या वर्गाने भागावे. उत्तर १० मायक्रोफॅरडच्या आसपास येते. जसजशी वारंवारता वाढते तसतसा वूफरचा अडथळा चढतो आणि या जोडीचा उतरतो. परिणामी क्रॉसओव्हरला एकूण अडथळा बराचसा स्थिर दिसतो. ही जोडी लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर तेच वाक्य, त्याच जागी बसून, तितक्याच आवाजात ऐकावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले आणि आवाज सुधारला, तर श्रेय कोणाला द्यावे हे कळत नाही. बिघडला, तर मागे कोठे परतावे हेही कळत नाही.

पाठान्त प्रश्न

१. ‘क्रॉसओव्हर चुकीचा जोडला तरी आवाज येतो.’ या विधानामुळे तपासणीचे महत्त्व कसे वाढते, ते उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. एका पेटीत वाटणी २५०० हर्ट्झवर करावयाची आहे आणि दोन्ही ध्वनिक्षेपक ८ ओहमचे आहेत. पाठात दिलेल्या रीतीने कपॅसिटर व कॉइल यांची मूल्ये काढा.

३. खोट्या भारावर तपासताना समान व्होल्ट ३३०० हर्ट्झवर मिळाले. कॉइलीचे वेढे वाढवावे लागतील की कमी करावे लागतील? आपल्या उत्तराचे कारण लिहा.

४. पाठातील ‘गृहप्रवेश’, ‘साक्ष’, ‘संसार’ हे शब्द मूळ अर्थाने वापरलेले नाहीत. ते कोणत्या अर्थाने आले आहेत, ते सांगा.

५. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा घरी तुम्ही पाहिलेल्या एखाद्या दुरुस्तीचे वर्णन दहा ते बारा वाक्यांत लिहा. कोणती कृती आधी झाली आणि कोणती नंतर, हे वाचणाऱ्याला स्पष्ट कळले पाहिजे.